वजन घटवणारा चहा आणि मार्केट यार्डातला एक शहाणा दिवाणजी

सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात मी गेली तेवीस वर्षं दिवाणजी आहे. सौदा झाला की तोलार काट्यावर पोती घालतो, मी आकडा टिपतो, हमाली-तोलाई वजा करतो आणि शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे मालाचा हिशेब, लिहितो. वजन हाच आमचा धंदा. म्हणून वजनाच्याच बाबतीत मला कुणी गंडवलं हे सांगायची लाज वाटत होती, वर्षभर गप्प बसलो. पण परवा आमच्या गल्लीतल्या एका पोराच्या हातात वजन घटवणाऱ्या चहाचा तोच हिरवा डबा दिसला, म्हणून सांगतो.

गेल्या वर्षी हळदीचा सीझन सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. पोत्यांच्या थप्पीवर चढताना धाप लागायची. बीपीची गोळी दोन वर्षांपासून चालू होतीच. त्यात मालकांचा मुलगा सगळ्यांसमोर म्हणाला, "दिवाणजी, तुमची पण एकदा पट्टी करायला पाहिजे." हमाल हसले, मीपण हसलो. पण ते मनात राहिलं.

त्याच आठवड्यात विश्रामबागेत एका ताईंनी 'मोफत बॉडी चेकअप' ठेवलं होतं. वेलनेस सेंटर म्हणजे भाड्याची एक खोली, भिंतीवर लोकांचे आधीचे-नंतरचे फोटो, कोपऱ्यात काचेचा वजनकाटा. यार्डातून सुटून, मध्ये भडंग आणि दोन कप चहा पोटात टाकून मी संध्याकाळी सात वाजता पोचलो. बूट काढू का विचारलं, तर म्हणाल्या, "राहू दे ओ काका, अंदाजच घ्यायचा आहे." आकडा आला ८७.४.

त्यांनी डबा काढला. चहाच्या छोट्या पिशव्या, रोज रात्री जेवणानंतर एक. एक डबा २,३०० रुपये, तीन घेतले तर ६,३००. "औषध नाही काका, नुसता चहा आहे. डाएट नाही, व्यायाम नाही. शरीरातली घाण बाहेर पडते आणि चरबी वितळते." मी तिथल्या तिथे तीन डबे घेतले. पैसे क्यूआर कोडवर टाकले. नाव त्यांच्या मिस्टरांचं आलं. पावती मागायचं सुचलं नाही, आणि हे कोण सांगतंय, तर दिवसाला शंभर पावत्या फाडणारा माणूस.

रात्री नऊला चहा घेतला की पहाटे चारला पोटात पीळ पडून जाग यायची. नंतर तीन-चार वेळा धावपळ. ताईंना फोन केला तर त्यांना आनंदच झाला. "टॉक्सिन निघतायत काका, अजिबात थांबवू नका." दहाव्या दिवशी त्यांनी वजनाला बोलावलं. पण या वेळी सकाळी सहाला, उपाशीपोटी. चप्पल काढा, खिशातला मोबाईल काढा, पट्टा काढा. ८४.१. तीन किलो तीनशे ग्रॅम कमी! व्हॉट्सअॅप ग्रुपवर माझा फोटो, त्याखाली फटाक्यांची चित्रं.

आता विचार करा. यार्डात एखाद्या खरेदीदारानं पहिलं वजन संध्याकाळी बारदानासकट, म्हणजे पोत्यासकट, आणि दुसरं सकाळी बारदान काढून केलं असतं, तर शेतकऱ्यांनी त्याला तिथंच धरला असता. आमच्या काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का असतो आणि तरी शेतकरी स्वतः काट्यावर उभा राहून खात्री करतो. मला मात्र माझ्याच वजनात ही चलाखी दिसली नाही. कारण मला तो आकडा हवा होता.

आकडा हवा होता म्हणूनच मी मेहुण्यालाही एक डबा घ्यायला लावला. त्याचं पुढे येईल.

तिसऱ्या आठवड्यात आकडा थांबला. ताई म्हणाल्या, शरीर सवयीचं झालंय, दोन पिशव्या घ्या. घेतल्या. पाचव्या दिवशी रात्री पोटऱ्यांत असे गोळे आले की बायको उठून तेल चोळत बसली. दुसऱ्या दिवशी सौदा चालू असताना छातीत धडधड सुरू झाली, पेन हातातून गळलं. हमालांनी मला पोत्यावर बसवलं आणि मालकांनी गाडीत घालून मिरजेला नेलं.

रक्त तपासलं. पोटॅशियम २.९. ते ३.५ ते ५ च्या दरम्यान असावं लागतं. डॉक्टरांनी विचारलं, जुलाब होतात का? मी म्हटलं, नाही, मी चहा घेतोय. हे वाक्य तोंडातून निघालं तेव्हाच मला कसंतरी झालं. बायकोला डबा आणायला पाठवलं. डॉक्टरांनी चष्मा कपाळावर सारून मागची बारीक अक्षरं वाचली आणि एका नावावर बोट ठेवलं. कॅशिया अँगुस्टिफोलिया. "ही सोनामुखी, दिवाणजी."

सोनामुखी! आमच्या आज्जीच्या फडताळात तिचा पाला कागदाच्या पुडीत असायचा. पोट साफ व्हायला वर्षातून एखादे वेळी चिमूटभर, आणि वर ताकीद की दुसऱ्या दिवशी लांबचा प्रवास करायचा नाही. गणपती पेठेत काष्ठौषधीवाल्याकडे वीस रुपयांत मूठभर मिळते. घरी आल्यावर हिशेब केला. एका पिशवीत २ ग्रॅम, तीस पिशव्यांचा डबा, तीन डबे म्हणजे १८० ग्रॅम. ६,३०० रुपयांना १८० ग्रॅम, म्हणजे किलोला ३५,००० रुपये. एवढा भाव राजापुरी हळदीला मिळाला तर आमचे शेतकरी विमानानं सौद्याला येतील.

डॉक्टरांनी समजावलं ते मला पटकन कळलं, कारण ते आमच्याच भाषेतलं होतं. खाल्लेल्या अन्नातली ताकद लहान आतड्यात शोषली जाते. सोनामुखीचं काम चालतं मोठ्या आतड्यात, आणि ते सुरू व्हायला सहा ते बारा तास लागतात, म्हणून पहाटेची धावपळ. तोवर जेवण अंगी लागून गेलेलं असतं. बाहेर पडतं ते पाणी आणि त्याबरोबर क्षार. चरबी जागच्या जागी. माझ्या बीपीच्या गोळीतही लघवीवाटे पाणी काढणारं औषध होतं, त्यानंही पोटॅशियम जातं. म्हणजे दोन्ही बाजूंनी गळती. सोनामुखी डॉक्टरांना न विचारता आठवड्याच्या वर घ्यायची नसते. मी चौथ्या आठवड्यात दुप्पट घेत होतो.

ओली हळद शिजवून वाळवली की पाच पोत्यांचं साधारण एक पोतं उरतं. हळद कुठं गेली असं कुणी विचारत नाही, पाणी गेलं हे शेंबड्या पोरालाही कळतं. ही तूट मी तेवीस वर्षं वहीत लिहितोय. चहा बंद केल्यावर आठवडाभरात यार्डातल्या काट्यावर मी परत ८७ भरलो.

डॉक्टर वर म्हणाले, सोनामुखीवर निभावलं हे नशीब समजा. असल्या वजन घटवणाऱ्या चहा-कॉफीत सिब्युट्रामिन नावाचं औषध न सांगता मिसळलेलं सापडलेलं आहे. त्यानं बीपी आणि नाडी वाढते. भारतात २०११ साली त्याच्यावर बंदी आली.

मग ग्रीन टी तरी, असं मी विचारलंच. माणसाची हौस जात नाही. डॉक्टर म्हणाले, २०१२ मध्ये कॉक्रेन या संस्थेनं ग्रीन टीवरचे प्रयोग एकत्र करून तपासले होते. वजनातला फरक इतका किरकोळ की उपयोगाचा नाही. आवडत असेल तर प्या, बिनसाखरेचा असेल तर त्यात उष्मांक जवळपास नसतात, पण त्याचा अर्क भरलेल्या गोळ्या घेऊ नका, जास्त मात्रेत यकृताला त्रास होतो, असं म्हणाले. आणि मग, "तुम्ही यार्डात दिवसाला किती चहा पिता?" सहा. प्रत्येकात दोन चमचे साखर. बारा चमचे म्हणजे साठ ग्रॅम, साठ ग्रॅमचे २४० उष्मांक. एक किलो चरबीत साधारण ७,७०० असतात. म्हणजे महिन्याभराच्या चहातल्या साखरेत किलोभर चरबी. हा हिशेब मला फुकट मिळाला. आता दोन चहा, साखर अर्धा चमचा. सोमवारी सकाळी पहिलं पोतं चढायच्या आधी मी काट्यावर उभा राहतो. सात महिन्यांत साडेतीन किलो उतरलंय. त्याचे फोटो कुणी ग्रुपवर टाकत नाही.

पैशाचं सांगतो. दोन डबे उघडलेच नव्हते की काय म्हणून शोधले, तर एकच सीलबंद निघाला. तो घेऊन गेलो. ताई म्हणाल्या, कंपनी माल परत घेत नाही, आणि तुम्ही पाणी कमी प्यायलात. दुसऱ्या दिवशी मला ग्रुपमधून काढलं. ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे १९१५ ला, फोन केला. पलीकडच्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, बिल आहे का? तिथं मी संपलो. डब्यावरचा अन्न परवान्याचा नंबर मोजला तर तेरा आकडी. तो चौदा आकडी असतो, आणि सरकारच्या फॉसकॉस संकेतस्थळावर टाकून पाहता येतो. खरा असता तरी चरबी वितळते या दाव्याला कुणी मान्यता दिली असं होत नाही. उलट लठ्ठपणा बरा करतो म्हणून औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानंच मनाई आहे. "औषध नाही, नुसता चहा" हे वाक्य त्या ताईंना कुणीतरी नीट पढवलेलं असणार. तुम्हाला कुणी म्हणालं तर डब्याच्या मागची बारीक अक्षरं वाचा. सोनामुखी, तिचं इंग्रजी नाव सेन्ना किंवा कॅशिया दिसलं, आणि तुम्ही बीपीची नाहीतर हृदयाची गोळी घेत असाल, तर डबा तिथंच ठेवा.

मेहुण्याचे २,३०० मी माझ्या खिशातून दिले, दोन हप्त्यांत. त्याला त्रास झाला नाही, कारण त्यानं दुसऱ्याच पहाटेनंतर डबा माळ्यावर टाकला होता. सासुरवाडीला गेलो की बहिणीला तो अजून ओरडून सांगतो, "दाजींना चहा ठेव गं, आणि आधी विचार, कुठला!"