ओपनसीव्हीचं इमएन्कोड: बरेच महिने वापरल्यावर

आमच्याकडे जुन्या कागदांचे स्कॅन येतात, ते सरळ करायचे, कडा कापायच्या आणि सर्व्हरला पाठवायचे, एवढंच काम. आधी प्रत्येक पान टेम्प फाइल म्हणून डिस्कवर लिहा, परत वाचा, पाठवा, मग डिलीट करा असा द्राविडी प्राणायाम चालायचा. आता पायथनमध्ये ओपनसीव्ही या चित्रांवर काम करणाऱ्या लायब्ररीचं इमएन्कोड हे फंक्शन वापरतोय, पान मेमरीतच जेपेग होतं, वर टूबाइट्स मारून साधे बाइट्स केले की थेट सर्व्हरच्या रिक्वेस्टमध्ये. डिस्कचा संबंधच नाही.

खरी मजा मात्र विंडोजवर आहे. फोल्डरचं नाव देवनागरीत असलं, म्हणजे समजा ‘दप्तर’, की तिथे ओपनसीव्हीचं फाइल वाचणारं इमरीड आणि लिहिणारं इमराइट अडतात, आणि एरर न फेकता अडतात, इमरीड गुपचूप नन (None, म्हणजे ‘काहीच नाही’) देतं. आपल्याकडे फोल्डरला मराठी नावं ठेवणारे कमी नाहीत! यावर उपाय म्हणजे नमपाय या अ‍ॅरे (आकड्यांचे तक्ते) हाताळणाऱ्या लायब्ररीच्या फ्रॉमफाइलने बाइट्स उचलायचे आणि त्यांचं चित्र करणाऱ्या इमडिकोडला द्यायचे, लिहिताना इमएन्कोड करून नमपायचंच टूफाइल. मी तर आता सगळीकडे हेच करतो.

क्वालिटीचं नीट बघा. काही सांगितलं नाही तर जेपेगला ९५ लागते, पिलो या पायथनच्या दुसऱ्या चित्र-लायब्ररीत तीच ७५ असते, त्यामुळे ‘ओपनसीव्हीच्या फाइली मोठ्या येतात’ या तक्रारीत फारसा दम नाही. कागदांना मी ८५ ठेवतो. फार खाली नेली की अक्षरांभोवती बारीक ठिपके उठतात आणि मग अनुस्वार कुठला न् कचरा कुठला, ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर) बिचारं काय करणार.

ओपनसीव्हीत रंगांचा क्रम बीजीआर, म्हणजे निळा-हिरवा-लाल, हे सगळ्यांना पाठ असतं तरी पिलोतून आलेला आरजीबी (लाल-हिरवा-निळा) अ‍ॅरे कुणीतरी तसाच देतं, आणि लाल शिक्के निळे होतात. निळे शिक्केही असतातच की, त्यामुळे पटकन कुणाला संशयही येत नाही. शिवाय अ‍ॅरेत नुसते पिक्सेल असतात, म्हणजे स्कॅनरने लिहिलेला डीपीआय (दर इंचाला किती ठिपके), तारीख, सगळं गेलं. ते हवं असेल तर आधीच बाजूला काढून ठेवा.

पीएनजी नुकसान न करणारं आहे, तिथे ० ते ९ हा कॉम्प्रेशनचा आकडा फक्त वेळ आणि साइज ठरवतो, दर्जा नाही. आणि हे बाइट्स बेस६४ करून (म्हणजे साध्या अक्षरांत बदलून) जेसन या मजकुरी फॉरमॅटमध्ये कोंबणाऱ्यांनो, साइज साधारण एक तृतीयांशाने वाढते हं.

ज्यांचं सगळं आधीपासून पिलोत आहे त्यांनी उगाच इकडे येऊ नका, बाइट्सआयओ या मेमरीतल्या फाइलमध्ये सेव्ह करा, फक्त फॉरमॅट स्वतः सांगावा लागतो कारण फाइलचं नावच नसल्यावर ते ओळखणार कशावरून, आणि नंतर रीड करण्याआधी सीक शून्यावर (म्हणजे वाचायची जागा परत सुरुवातीला) न्या नाहीतर रिकामे बाइट्स मिळतील, त्यापेक्षा सरळ सगळे बाइट्स देणारं गेटव्हॅल्यू घ्या.