देवबागच्या खाडीकाठचं आठ टेबलांचं रेस्टॉरंट: नऊ महिन्यांत सात मुक्काम

गणपती झाल्यावर सप्टेंबरात पहिल्यांदा गेलो, सातवा मुक्काम मेच्या दुसऱ्या आठवड्यात झाला. कोल्हापूरहून राधानगरी-फोंडा घाटाने चारेक तास लागतात. आम्ही दोघंच जातो, दोनदा आईला नेलं होतं. आठ टेबलं, वर चार खोल्या. रात्रीचं जेवण माणशी अठराशे, खाडीकडची खोली साडेतीन हजार. मालवणात चारशे रुपयांत उत्तम मासळीचं ताट मिळत असताना एवढे पैसे का मोजायचे, हे घरच्यांनी विचारलंच. सात वेळा जाऊन आल्यावर आता नीट सांगता येईल.

इथे छापील मेनू नाही. दुपारी चारच्या सुमारास काकी (स्वयंपाक त्याच बघतात) येऊन काय मिळालंय ते सांगतात. पहिल्याच दिवशी मी पापलेट मागितलं. "आज पापलेट गावाक नाय. चोणक आसा, ताजो." (पापलेट मिळालं नाही, चोणक आहे.) फ्रीजरमधलं पापलेट काढून देणं त्यांना सहज जमलं असतं. दिलं नाही, आणि माझा विश्वास तिथेच बसला. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, तेव्हा हे लोक रेस्टॉरंटही बंद ठेवतात.

जेवण एकेक करून येतं, सहा वाढपांत. सुरुवात बहुधा तिसऱ्यांच्या (शिंपल्यांच्या) एकशिपीने. ही तयारी मी एकदा मागच्या पडवीत बसून पाहिली. तिसऱ्या आधी मिठाच्या पाण्यात ठेवून वाळू सोडू देतात. मग काकी विळीवर एकेक शिंपली उघडतात, मांस एका शिंपीत राहू देतात, दुसरी टाकतात. विळीखाली परात असते. शिंपलीतून निघालेलं पाणी तिच्यात जमतं, ते फडक्यातून गाळून पुन्हा कालवणात जातं. घाईच्या हॉटेलांत हे पाणी मोरीत जातं आणि चव त्याच्याबरोबर जाते. इथे वाटीत जेमतेम आठ-नऊ शिंपल्या येतात, पण तो खारट-गोडसर रस शेवटच्या थेंबापर्यंत प्यावासा वाटतो.

मालवणी जेवणाचं असं एकेक करून वाढणं आईला अजिबात पटलं नव्हतं. ताट म्हणजे सगळं समोर हवं, भात-कालवण-तळलेला मासा-सोलकढी हाताच्या अंतरावर हवी. तिचं निम्मं बरोबर आहे. वडे-सागुती इथे फसते. वडा कढईतून थेट पानात पडला तरच वडा. इथे तो सजवून येईपर्यंत बसतो, तीनदा तसाच आला. पण बांगड्याचं तिखलं एकटं आलं तेव्हा आईसुद्धा गप्प झाली. बिया काढलेली तिरफळं, जाडसर ठेचून शेवटी घातलेली. ताटात त्यांचा वास बाकीच्या गर्दीत हरवतो. इथे बोटभर भाकरीबरोबर तेवढंच पुढ्यात असतं, त्यामुळे जिभेवरच्या त्या झिणझिण्या आधी येतात आणि तिखट मागाहून कळतं. लहानपणापासून खाल्लेली चीज मला या वयात नव्याने समजली. अठराशे रुपये मी याचे देते. सोलकढी मात्र आरंभी पेल्यात आणून देत, आम्ही दर वेळी ती शेवटी मागायचो. आता न सांगता शेवटीच येते.

जागेबद्दल एक गोष्ट आधी कळायला हवी होती. देवबाग म्हणजे समुद्र आणि कर्ली नदी यांच्यामधली चिंचोळी पट्टी. रेस्टॉरंट नदीच्या बाजूला, पूर्वेकडे तोंड करून आहे, त्यामुळे टेबलावरून सूर्यास्त दिसत नाही. त्यासाठी माडांतून पाच मिनिटं चालत पलीकडच्या किनाऱ्यावर जा आणि परत या. पौर्णिमेला मात्र समोरच्या कोरजाई-भोगव्याच्या डोंगरांमागून चंद्र वर येतो तेव्हा टेबलावरचं बोलणं थांबतं.

खोल्या साध्या, चादरी स्वच्छ. खाऱ्या हवेने कपाटांना कुबट वास आहे, पावसाळा सरतासरता गाद्याही ओलसर लागल्या. सकाळी साडेसातपासून पर्यटकांच्या बोटींचा आवाज सुरू होतो. हे सगळं मी सोसेन. डिसेंबरअखेरचं मात्र विसरणार नाही. आगाऊ पैसे भरून ठेवलेली खाडीकडची खोली त्यांनी एका मोठ्या ग्रुपला दिली आणि आम्हाला मागच्या, जनरेटरशेजारच्या खोलीत घातलं. फरकाची रक्कम परत मिळायला महिनाभर फोन करावे लागले. मालक भला माणूस आहे, पण वहीत लिहिलेल्या बुकिंगवर सुट्टीचा हंगाम निभत नाही. नाताळात जाऊ नका, हा माझा स्पष्ट सल्ला.

शाकाहारी माणसाचं काय, तर मार्च-एप्रिलमध्ये या. ओल्या काजूगरांची उसळ खाऊन माझ्या नणंदेने माशांकडे पाहिलंही नाही. इतर महिन्यांत काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्यावर भागवावं लागतं. गोडात शिरवाळे टेबलाशीच साच्यातून पाडून नारळाच्या गूळ घातलेल्या रसात देतात, तेव्हा पोटात जागा ठेवा.

आता कुर्ल्यांचं, म्हणजे खेकड्यांचं. अमावास्येच्या आसपास त्या भरलेल्या असतात आणि पौर्णिमेला पोकळ, असं काकी सांगतात. माझाही अनुभव तोच. पण अमावास्येला संध्याकाळी सहाला ओहोटी असते, म्हणजे टेबलासमोर नुसता चिखल आणि त्याचा वास. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा हिशेब त्यांनीच मला शिकवला. दशमीला साडेसात, म्हणजे ऐन जेवणाच्या वेळी खाडी भरलेली, पण भांगाचं, म्हणजे कमी चढउताराचं पाणी असल्याने शांत. तेव्हा कुर्ल्या मात्र हलक्याच निघाल्या. सहा मुक्काम कधी पाणी होतं, कधी कुर्ल्या. मेमध्ये वद्य द्वादशी धरून गेलो. भरती नऊला. साडेसातला बसलो तेव्हा पाणी धक्क्याच्या दुसऱ्या पायरीवर होतं, कुर्ल्यांचं कालवण आलं तेव्हा पाचव्या. नांगीतून मांस अख्खं निघत होतं. आश्विन वद्य द्वादशीसाठी फोन करून ठेवलाय, आणि या वेळी खोलीचा नंबर मेसेजवर लिहून घेतलाय.