सहा फूट दोन इंच उंची, पहिली स्पोर्ट बाईक आणि तो गिअर लिव्हर: काही महिन्यांच्या वापरानंतर

परवा सर्व्हिसिंगहून गाडी आणली आणि डोकं फिरलं म्हणून आजच लिहितोय, नाहीतर दिवाळीत निवांत लिहिणार होतो. वर्कशॉपच्या गेटबाहेर पहिला गिअर टाकला, दुसरा टाकायला गेलो तर बुटाचं टोक लिव्हरखाली शिरेचना. पुन्हा खाली करून ठेवला होता. दरवेळी सांगतो, दरवेळी हेच.

गाडीचं नाव टाकत नाही, कारण भांडण वर्कशॉपशी आहे आणि त्यांचंही नाव नको. सिंगल सिलिंडर, लिक्विड कूल, फुल फेअरिंग (पुढून आणि बाजूने पूर्ण प्लास्टिकचं आवरण), एमएच 19 पासिंग, एवढं बस.

गाडी शोधत होतो तेव्हा जो तो एकच सांगायचा, भो तुला काय टेन्शन, तुझी उंची आहे, कुठलीही घे. शोरूमवाले पण सीट हाईटच सांगणार. आता बघा, निंजा 300 ची 780, गिक्सर एसएफ 250 ची 800, अपाचे आरआर 310 आणि पल्सर आरएस 200 ची 810, आर15 व्ही4 ची 815. सगळा मिळून 35 मिलिमीटरचा फरक, आणि माझ्या उंचीच्या माणसाचे दोन्ही पाय ह्या सगळ्यांवर आरामात टेकतात. म्हणजे ज्याची उंची कमी त्याच्यासाठी तो आकडा लाखमोलाचा, उंच माणसाला त्यातून काहीच कळत नाही. उलट सीट जितकी खाली तितका आपला गुडघा जास्त दुमडतो. बघायचं असतं ते सीटपासून फूटरेस्टपर्यंतचं अंतर, आणि ते मी बघितलेल्या एकाही ब्रोशरमध्ये नव्हतं. सरळ टेप घेऊन जा आणि मोजा, शोरूमवाला बघत राहिला तर राहू दे. धुळ्याच्या मामांनी मला गाडीवर बसलेलं बघून लगेच सांगितलं होतं, "हाई गाडी तुले धाकली दिखस." त्यांना सीट हाईट वगैरे काही माहीत नाही, त्यांनी फक्त गुडघे बघितले.

गुडघ्याचं एवढं का सांगतोय, तर स्पोर्ट बाईकवर पुढे वाकून बसताना वजन मनगटावर द्यायचं नसतं, मांड्यांनी टाकी धरायची आणि पोट-कंबरेच्या जोरावर अंग सावरायचं. टाकीला बाजूने जी खाच असते ती त्यासाठीच. उंच माणसाचा गुडघा त्या खाचेच्या वर किंवा पुढे फेअरिंगच्या कडेला जातो, पकड बसत नाही, मग सगळं वजन हातावर. घ्यायच्या आधी गाडी पॅडॉक स्टँडवर (मागचं चाक उचलून गाडी सरळ धरणारा स्टँड) लावायला सांगा नाहीतर दोघांना धरायला लावा, दोन्ही पाय फूटरेस्टवर ठेवा, गुडघे खाचेत जातात का बघा आणि हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा. वळवताना हात गुडघ्याला लागला तर ती गाडी सोडा, गर्दीत यू टर्न मारताना नवशिक्याला तेच पाडतं.

सुरुवातीचे काही आठवडे मनगटं इतकी दुखायची की तेव्हा कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, सहा फुटाच्या वर असाल तर स्पोर्ट बाईकच्या नादी लागू नका, नेकेड, म्हणजे आवरण नसलेली गाडी घ्या, हँडल उंच असतं. आता तसं सांगणार नाही. मत बदललं ते एका सीटवाल्यामुळे. जळगावात सीट कव्हरचं छोटं दुकान, त्या माणसाने मला गाडीवर बसवून बघितलं आणि म्हणाला हँडलला हात लावू नका, तुमची सीटच दोन बोटं वर घेऊ. जुन्या फोमवर कडक फोमचा थर दिला, पुढे टाकीकडे जो उतार होता तो घालवला म्हणजे माणूस घसरत पुढे येत नाही, आणि हजाराच्या आत काम. गुडघा त्याच दिवशी खाचेत बसला! हँडल वर घेणारे रायझर आणि फूटरेस्टचे ऑनलाइन किट मी कार्टमध्ये टाकून ठेवले होते, सगळे काढून टाकले. नंतर धुळ्यापर्यंत जाऊन आलो, मनगट अजिबात दुखलं नाही, इतका आनंद गाडी घेतली त्या दिवशीसुद्धा झाला नव्हता.

वाऱ्याचं थोडक्यात. आपलं हेल्मेट गाडीच्या पुढच्या काचेच्या वर राहतं त्यामुळे हायवेला नव्वदच्या पुढे आणि ट्रकच्या मागे डोकं हलतं. उंच काच महाग वाटली म्हणून घेतली नाही, कोपर सैल सोडून थोडं खाली वाकलं की भागतं. उन्हाचं तर काय सांगू, मे महिन्यात रेडिएटरचा फॅन सुरू झाला की नडग्या भाजतात, सकाळी नऊच्या आत फिरून घ्या.

आता गिअर लिव्हर. मला हा विषय कोणी गंभीरपणे घेत नाही ह्याचाच राग आहे. माझा बूट 11 नंबरचा, रायडिंग बूट घातला की टोक अजून जाड. कंपनी सेटिंगला ते लिव्हरखाली अर्धवट जातं, गिअर वर उचलायला जोर मिळत नाही. चाळीसगावहून कन्नड घाट चढताना दुसऱ्यावरून तिसरा टाकताना असाच अर्धवट उचलला गेला, गिअर दोघांच्या मध्ये अडकला, इंजिन नुसतं ओरडतंय, चाकाला ओढ नाही, चढ आहे आणि मागे एसटी. मुरलेला रायडर सावरेल हो, पण नवीन माणसाचं काय? आणि दुरुस्ती केवढी, तर लिव्हरला जो रॉड असतो त्याचे दोन्ही टोकांचे लॉकनट सैल करायचे, रॉड हाताने फिरवायचा, लिव्हर वर येतो, नट कसायचे. पाच मिनिटं. फक्त एका टोकाला उलटे आटे असतात, तो नट उलट्या बाजूने खुलतो. वर्कशॉपच्या पोराला हे कोणी शिकवलेलं नाही, त्याने जोर लावून नट गोल केला आणि बिलात नवीन रॉड लावला. मी काउंटरवर उभा राहिलो, आवाज चढवला, रॉडचे पैसे कमी केल्याशिवाय हललो नाही. "सर, आम्ही कंपनी सेटिंगलाच गाडी देतो" हे त्यांचं उत्तर. अहो पण पाय माझा आहे ना! आता जॉब कार्डवर लिहून घेतो, "गिअर लिव्हरला हात लावू नये", आणि त्या ओळीचा फोटो काढून ठेवतो. मागच्या ब्रेकच्या पॅडलचंही तसंच, उंची आपल्या पायाप्रमाणे करून घ्या.

सेकंड हँड बघत असाल तर एप्रिल 2019 च्या आधीच्या गाडीला एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) आहे का ते विचारा, 125 सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना तो तेव्हापासून सक्तीचा झाला. पहिल्या गाडीला मी तरी एबीएस सोडणार नाही.

आणि सीट करून घेणार असाल तर फोम अंगठ्याने दाबून बघा, लगेच खाली गेला तर नको म्हणा, महिनाभरात बसतो. कव्हरची शिवण बसायच्या जागेवर येऊ देऊ नका, कडेला घ्यायला सांगा, पावसाळ्यात तिथूनच पाणी आत जातं आणि फोम दोन दिवस वाळत नाही.