ट्रेलिक टॉवरमध्ये राहताना: काही महिन्यांनंतरचा अनुभव

लंडनला बदली झाली आणि नॉर्थ केन्सिंग्टनच्या ट्रेलिक टॉवरमध्ये भाड्याने फ्लॅट घेतला. ऑफिसातल्या जुन्या लंडनकरांना पत्ता सांगितला की अजून भुवया वर जातात. सत्तरच्या दशकात याला 'टॉवर ऑफ टेरर' म्हणत.

एर्नो गोल्डफिंगर या वास्तुविशारदाची ही 31 मजली इमारत 1972 साली पुरी झाली. घरं 217, सगळी सरकारने लोकांना भाड्याने देण्यासाठी बांधलेली. पण एवढी विचारपूर्वक केलेली आखणी मी पुण्या-मुंबईच्या महागड्या टॉवरांतही पाहिली नाही. खिडकी मधल्या आसावर गर्रकन फिरते, त्यामुळे बाहेरची काच खोलीत उभं राहून पुसता येते. दिव्यांची बटणं दाराच्या चौकटीतच बसवली आहेत. लिफ्ट वेगळ्या बारीक मनोऱ्यात, तिची घरघर घरात येत नाही. गॅलरीत बसलं की अख्खं पश्चिम लंडन समोर.

मग वाईट दिवस का आले? माझ्या मते उत्तर साधं आहे: खाली दाराशी कुणी नव्हतंच. कोणीही आत यायचं, लिफ्टमध्ये लूटमार व्हायची, नासधूस व्हायची. 1984 मध्ये रहिवाशांनी संघटना केली, पाठपुरावा केला, तेव्हा कुठे इंटरकॉम आला, दाराशी माणूस आला. काँक्रीट तेच राहिलं, इमारत मात्र सावरली. 1998 मध्ये तिला वारसा म्हणून संरक्षण मिळालं, आणि भाडेकरूंनी विकत घेतलेल्या घरांना आज भलताच भाव आहे.

ही भरभराट मला थोडी धास्तीचीही वाटते. गोल्डफिंगरच्याच, पूर्व लंडनच्या पॉप्लर भागातल्या बाल्फ्रन टॉवरमधून भाडेकरूंना हलवलं गेलं आणि नूतनीकरणानंतर घरं खासगी बाजारात गेली. इथे अजून बहुसंख्य सरकारी भाडेकरूच आहेत, त्यांच्यामुळेच शेजार आहे. माझ्या मजल्यावरच्या आजी इथे तीसेक वर्षं राहतात. लिफ्ट बंद पडली की कोणाकडे तक्रार करायची हे मला त्यांनीच शिकवलं.

लिफ्ट बंद पडते, हे खरं. शिवाय ती दर तिसऱ्या मजल्यावरच थांबते आणि बऱ्याच फ्लॅटमध्ये आत जिना असतो. आईबाबांना बोलावणार असाल, त्यांचे गुडघे दुखत असतील, तर जिना नसलेलाच फ्लॅट बघा. बाकी मी करार वाढवतोय.