तयार धोरणसंच आणि अनुपालन सेवा: वर्षभराच्या वापरानंतरचा अभिप्राय

आमच्या आस्थापनेत साठेक माणसे आहेत आणि कर्मचारी विभाग म्हणजे मी व एक सहायक. नियुक्तीपत्रापासून अंतिम हिशेबापर्यंतचे सगळे कागद आम्हा दोघांच्या हातून जातात. त्यामुळे कामगार कायद्यांच्या पालनासाठी तयार ऑनलाइन सेवा घ्यावी, हा प्रस्ताव व्यवस्थापनापुढे मीच ठेवला होता आणि तिच्या बऱ्यावाइटाचा हिशेब देणेही मलाच भाग आहे. सेवेचे नाव मी देत नाही, कारण ती घेण्याआधी आणखी तीन सेवांची प्रात्यक्षिके पाहिली होती आणि त्यांची घडणही जवळपास हीच होती. माणशी वार्षिक वर्गणी, धोरणांचे तयार मसुदे, हजेरी, मुदतींची आठवण, तक्रारींची नोंद आणि शिस्तभंगाची पत्रे, असा सगळा ऐवज एका पडद्यावर मिळतो. जिथे पूर्तता झाली असेल तिथे हिरवी खूण आणि राहिली असेल तिथे लाल, अशी तिची मांडणी आहे.

मुदतींचा भाग उत्तम आहे, हे आधी नोंदवतो. परिविक्षा काळ कोणाचा कधी संपतो, मुदतीच्या करारावरील कोणाचे नूतनीकरण आले आहे, सुरक्षा प्रशिक्षण कोणाचे राहिले आहे, याची सूचना महिनाभर आधी येते आणि निर्णय नोंदवल्याशिवाय ती हटत नाही. पूर्वी परिविक्षेची तारीख उलटून गेल्यावर माणूस कायम झाला की नाही यावर आमच्याकडे दोनदा वाद झाला होता. या वर्षी एकदाही झाला नाही. धोरणाची प्रत्येक आवृत्ती तारखेसह जपून ठेवली जाते, हाही मोठा गुण आहे. वाद उभा राहतो तेव्हा आजचा नियम कोणी विचारत नाही, घटनेच्या दिवशी कोणता नियम लागू होता आणि तो त्या माणसाला कळवला होता का, हे विचारले जाते.

दुसरी एक गोष्ट अनपेक्षितपणे चांगली निघाली. दोन आरेखकांना आम्ही ‘स्वतंत्र कंत्राटदार’ म्हणून करार देणार होतो. मसुदा तयार करण्यापूर्वी सेवेने एक प्रश्नावली पुढे केली: कामाच्या वेळा कोण ठरवतो, साधने कोणाची, दुसऱ्याचे काम घेण्याची मुभा आहे का, गैरहजर राहिल्यास बदली माणूस पाठवता येतो का. उत्तरे भरल्यावर, हे नाते नोकरीचेच दिसते, असा स्पष्ट इशारा आला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची २००६ ची शिफारस क्रमांक १९८ हेच सांगते, की करारात नात्याला काय नाव दिले यापेक्षा काम प्रत्यक्षात कसे होते आणि मोबदला कसा दिला जातो, यावरून ते ठरवावे. आम्ही दोघांना नियुक्तीपत्रे दिली.

आता दोषांकडे येतो, आणि त्यांचे मूळ तयार मसुद्यांत आहे. मसुदे सुबक आहेत, किंबहुना गरजेपेक्षा जास्त सुबक आहेत. तक्रार निवारणाच्या धोरणात ‘प्रत्येक तक्रारीची चौकशी प्रशिक्षित त्रिसदस्य समिती दहा कामकाजाच्या दिवसांत पूर्ण करील’ असे वाक्य होते. आम्ही ते वाचले, शोभिवंत वाटले, मंजूर केले, सर्वांच्या सह्या घेतल्या आणि पडदा हिरवा झाला. समिती मात्र नेमलेलीच नव्हती, मग तिचे प्रशिक्षण कुठले? पहिली तक्रार आली तेव्हा चौकशीला सहा आठवडे लागले आणि तक्रारदार कर्मचाऱ्याने आमच्याच पुस्तिकेचे पान आमच्यापुढे ठेवले. मालकाने लिहून दिलेले धोरण म्हणजे मालकाने दिलेला शब्द असतो. कायद्याने जे मागितलेलेही नसते ते आपण स्वतःच्या सहीने कबूल करून बसतो आणि मग ते न पाळल्याचा पुरावाही आपणच छापून वाटलेला असतो. मसुदा मंजूर करताना ‘या कलमाची जबाबदारी कोणाची?’ एवढा एक रकाना सक्तीचा ठेवला असता तरी हे टळले असते.

त्याच तक्रारीत आणखी गंभीर गोष्ट उघड झाली. नोंदवलेली तक्रार आपोआप निकटच्या पर्यवेक्षकाकडे जाते, अशी मूळ मांडणी आहे. इथे तक्रार पर्यवेक्षकाविरुद्धच होती, म्हणजे ती थेट त्याच्या फोनवर वाजली, आणि तीही विषयाच्या ओळीत तक्रारदाराच्या नावासकट. हिंसाचार आणि छळ यांविषयीचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २०१९ चा करार क्रमांक १९० गोपनीयतेचे रक्षण आणि तक्रारदाराला सूडापासून संरक्षण या दोन्ही गोष्टी मागतो. प्रशिक्षणार्थी, उमेदवारीवर असलेले, स्वयंसेवक, नोकरीसाठी अर्ज केलेले, इतकेच नव्हे तर नोकरी संपलेले लोकही त्याच्या कक्षेत येतात. आमच्या सेवेत तक्रार करायची तर कर्मचारी क्रमांक लागतो. सहा महिन्यांच्या प्रशिक्षणार्थीकडे तो नसतो, त्यामुळे त्याची तक्रार नोंदवायला जागाच नाही.

हजेरीच्या भागात जे सापडले त्याकडे आमचे लक्ष एका यंत्रचालकाच्या खिशातल्या वहीने वेधले. तो रोजची वेळ स्वतः लिहून ठेवत असे. वहीत एका दिवशी आगमन ८.५२ आणि निर्गमन ६.१३ होते, आमच्या हजेरीपटात त्याच दिवशी ९.०० आणि ६.००. सेवेत पंधरा मिनिटांचे पूर्णांकन आधीपासून सुरू ठेवलेले असते. आगमन पुढच्या टप्प्यावर ढकलले जाते आणि निर्गमन मागच्या टप्प्यावर ओढले जाते. तो ९.०२ ला आला असता तर ९.१५ धरले गेले असते. या एका दिवसात २१ मिनिटे गेली. २५ दिवस असेच चालले तर ५२५ मिनिटे, म्हणजे पावणेनऊ तास होतात. आठ मिनिटे आधी आलेला माणूस कामच करतो असे नाही, हे मला मान्य आहे. पण आमच्याकडे यंत्र पुसून तेल घालणे त्याच आठ मिनिटांत होते, आणि ते काम आहे की नाही हे माणसाने पाहून ठरवायचे असते. दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घालणारा १९१९ चा करार क्रमांक १ हा त्या संघटनेचा पहिलाच करार. जादा तासांची नोंद ठेवणे आणि त्यांचा दर निदान सव्वापट असणे या अटीही त्यात आहेत. नोंदच कापली गेली तर सव्वापट कशाची काढायची? विचारणा केल्यावर ‘ही प्रचलित पद्धत असून बटण बंद करता येते’ एवढे उत्तर मिळाले. आम्ही बटण बंद केले, मागील महिन्यांचा फरक काढून दिला आणि त्या काळात त्या रकान्यावर सतत हिरवी खूण होती, याची नोंद ठेवली.

शिस्तभंगाची पत्रे तयार करण्याची सोय तर मी बंदच करून टाकली आहे. पहिली ताकीद, दुसरी ताकीद आणि सेवासमाप्ती ही तिन्ही पत्रे एकाच बैठकीत निघतात, भरायची फक्त तारीख. कर्मचाऱ्याचा खुलासा नोंदवण्यासाठी रकाना नाही. सेवासमाप्तीविषयीच्या १९८२ च्या करार क्रमांक १५८ चे सातवे कलम असे आहे की, वर्तन किंवा कामगिरी या कारणावरून काढण्यापूर्वी माणसाला आरोपांविरुद्ध बाजू मांडण्याची संधी द्यावी. हा करार न स्वीकारलेल्या देशांतही नैसर्गिक न्यायाचे हे तत्त्व जुने आणि ओळखीचे आहे. कारणे दाखवा नोटीस, तिचे उत्तर, त्यावरचा विचार आणि मग निर्णय, ही साखळी आमच्याकडे आजही साध्या फाइलीत चालते.

भाषांतराबद्दल थोडेच लिहितो. मराठी प्रत यंत्राने केलेली आहे आणि तीत तक्रार निवारण समितीची ‘दुःख निवारण समिती’ झाली आहे. हसून झाल्यावर लक्षात आले की याच प्रतीवर साठ जणांनी ‘वाचले व समजले’ अशी सही केली आहे.

ग्राहक सेवेतील माणसे नम्र आहेत, दूरध्वनी लगेच उचलतात, पण त्यांना सॉफ्टवेअर कळते, कायदा नाही. कायद्यातील बदलांची सूचना येते. तो बदल आपल्याला लागू आहे का, हे विचारले की उत्तर ‘आपल्या सल्लागाराशी बोलावे’ असे असते. हे प्रामाणिक उत्तर आहे, मात्र विक्रीच्या वेळी सल्लागाराची गरजच उरणार नाही असे सांगितले गेले होते.

पुढील वर्षासाठी आम्ही फक्त मुदती, आवृत्त्यांची नोंद आणि कंत्राटदाराची प्रश्नावली एवढेच भाग ठेवले आहेत. ज्यांच्याकडे कर्मचारी विभागात अनुभवी माणूस आहे आणि जो प्रत्येक मसुद्यातून न झेपणारी वाक्ये कापू शकतो, त्यांनी ही सेवा जरूर घ्यावी. ज्यांना त्या माणसाऐवजी ती घ्यायची आहे, त्यांनी घेऊ नये. धोरणपुस्तिका आम्ही पर्यवेक्षक आणि कामगार प्रतिनिधींसोबत बसून पुन्हा लिहिली. चौऱ्याहत्तर पानांची एकवीस झाली, दहा दिवसांच्या जागी तीस दिवस आले, समितीच्या तिन्ही सदस्यांची नावे छापली गेली आणि प्रशिक्षणार्थींचा उल्लेख पहिल्याच परिच्छेदात आला. ती सेवेत चढवल्यावर पडद्यावर अकरा लाल खुणा उमटल्या, कारण तयार मसुद्यातील अकरा कलमे तिला सापडत नाहीत. त्या लाल खुणा अजून तशाच आहेत.