सायलेन्सर बदललेली क्लासिक 350 : कार्बोरेटरला हात लावण्याआधी गॅस्केट पाहा

माझ्या 2013 सालच्या, कार्बोरेटरवाल्या (कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) रॉयल एनफिल्ड क्लासिक 350 मोटरसायकलचा मूळ सायलेन्सर वेल्डिंगच्या कडेने गंजून फुटला, म्हणून गेल्या पावसाळ्यात छत्रपती संभाजीनगरहून बाहेरच्या बनावटीचा, पण आवाज दाबणारी आतली जाळी शाबूत असलेला सायलेन्सर अडीच हजारांत आणून बसवला. आवाज वाढवण्याची हौस नव्हती. मूळ सायलेन्सरची किंमत परवडत नव्हती, एवढेच कारण. परभणीची थंडी आणि एप्रिल-मेचे ऊन, दोन्हींत गाडी चालवून झाल्यावर हे लिहीत आहे, कारण सुरुवातीलाच लिहिले असते तर हा सायलेन्सर घेऊ नका, असेच सांगितले असते.

तक्रार एकच होती, पण ती पिच्छा सोडत नव्हती. जिंतूर रस्त्यावर साठच्या वेगाने जाताना ॲक्सिलेटर सोडला, की मागून फट-फट असे बार निघत आणि रस्त्याकडेची जनावरे बुजत. गॅरेजमध्ये निदान ठरलेले होते : सायलेन्सर मोकळा झाल्यामुळे पेट्रोल कमी पडते आहे, मेन जेट (कार्बोरेटरमधले पेट्रोल सोडणारे मुख्य छिद्र) मोठा टाका. तो टाकून घेतला. बार तसेच राहिले, स्पार्क प्लग काजळीने काळा पडू लागला आणि पस्तीसचे ॲव्हरेज तिसाच्या खाली आले. पेट्रोलचा लिटर शंभराच्या पुढे असताना ही उधळपट्टी मला सहन होण्यासारखी नव्हती.

खरे तर हे निदान तर्काला धरून नाही. मेन जेटचा प्रभाव ॲक्सिलेटर तीन चतुर्थांशाहून अधिक उघडल्यावर दिसतो. त्याच्या आधीचा मोठा टप्पा कार्बोरेटरमधली सुई सांभाळते आणि ॲक्सिलेटर जवळजवळ बंद असताना पायलट जेट (छोटे छिद्र) व मिश्रणाचा स्क्रू काम करतात. माझे बार तर ॲक्सिलेटर बंद केल्यावरच निघत होते. त्या क्षणी सिलिंडरमध्ये पुरते न जळलेले मिश्रण तापलेल्या पाईपात जाते आणि तिथे बाहेरची ताजी हवा मिळाली, की भडकते. मग ही हवा येते कुठून, हे शोधायला हवे होते.

इंजिनाचे हेड आणि तिथून सायलेन्सरकडे जाणारा बेंड पाईप यांच्या सांध्यापाशी उजेडात निरखून पाहिल्यावर एका नटाशेजारी नखाएवढा काळा डाग दिसला. गार इंजिन सुरू करून तिथे पेटती उदबत्ती धरली, तर धूर सरळ वर न जाता ठोक्याठोक्याला थरथरत आत-बाहेर होत होता. सायलेन्सर बसवताना बेंड पाईप हलवला होता, पण सांध्यातले चेपलेले जुने गॅस्केटच (सांधा हवाबंद ठेवणारी चकती) परत घातले होते. साठ-सत्तर रुपयांचे नवे गॅस्केट टाकून दोन्ही नट आळीपाळीने, सारखे आवळले आणि तीन चतुर्थांश बार त्याच दिवशी थांबले.

उरलेले काम कार्बोरेटरचे होते. मेन जेट पुन्हा मूळचाच बसवला. मिश्रणाच्या स्क्रूवरचे पितळी टोपण काढून, इंजिन पुरते तापल्यावर, स्क्रू पाव-पाव फेरा बाहेर काढत आयडलिंग सर्वांत चढे आणि स्थिर होईल तिथे थांबलो; मग आयडलिंगच्या स्क्रूने रेस खाली आणली. या गाडीत हा स्क्रू इंजिनाच्या बाजूला असल्याने बाहेर काढला की पेट्रोल वाढते. ज्या कार्बोरेटरमध्ये तो एअर फिल्टरच्या बाजूला असतो, तिथे नेमके उलटे होते. मधल्या टप्प्यात किंचित अडखळणे होते, ते सुईखाली एक पातळ वॉशर टाकल्यावर गेले. आता प्लग फिकट तपकिरी आहे आणि ॲव्हरेज चौतीसपर्यंत परतले आहे.

मूळ सेटिंग आज अपुरे पडण्याचे आणखी एक कारण पंपावर आहे. 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला जळण्यासाठी हवा कमी लागते. इंजेक्शनच्या गाडीतला सेन्सर ते ओळखून पेट्रोल वाढवू शकतो, कार्बोरेटरला तशी सोय नाही. त्यामुळे त्याच जेटवर मिश्रण आपोआप पातळ (गरजेपेक्षा पेट्रोल कमी) पडते. ऋतूचाही फरक पडतो. परभणीत जानेवारीच्या पहाटे पारा दहाच्या खाली जातो आणि मेमध्ये बेचाळीसला टेकतो, म्हणजे हवा जवळपास एक दशांशाने विरळ होते. थंडीत लावलेले ट्युनिंग मेच्या दुपारी जड (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) वाटू लागले, तेव्हा मी स्क्रू पाव फेरा आत घेतला.

सायलेन्सरबद्दल आता माझे मत चांगले आहे. ताकद वाढलेली नाही आणि तशी अपेक्षाही ठेवू नये. आवाज मूळ सायलेन्सरपेक्षा थोडा भरीव आहे, पण कर्कश नाही. जाळी काढून देण्याचा आग्रह दुकानदार करतात, त्याला मात्र ठाम नकार द्यावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) खाली दंड 10,000 रुपयांपर्यंत आहेच, शिवाय जाळी काढली की वरचे सगळे ट्युनिंग नव्याने करावे लागते. सायलेन्सर अडकवायच्या पट्टीचा मागचा रबर मात्र निकृष्ट निघाला. तो उन्हाळ्यातच चिरला, म्हणून मूळ सायलेन्सरचा रबर फेकून देऊ नये. नवे गॅस्केट घातल्यावर पहिल्या लांबच्या फेरीनंतर, इंजिन गार झाल्यावर, दोन्ही नट पुन्हा एकदा आवळून घ्यावेत. माझे जवळजवळ पाव फेरा सैल झाले होते.