मेमरी फोमची गादी : एक हिवाळा आणि एक उन्हाळा काढल्यानंतर

मेमरी फोम म्हणजे अंगाच्या भाराने आणि उबेने दबून अंगाच्या आकारात बसणारा, भार काढला की हळूहळू वर येणारा फोम. आधी निकाल सांगते, तपशील मागाहून. गादी मला मानवली, नवऱ्याला निम्मीशिम्मी मानवली आणि सासूबाईंना अजिबात नाही. तिघांची मतं तीन आणि तिन्ही खरी. त्यामुळे ‘मेमरी फोम घेऊ का?’ असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारते, वजन किती, झोपता कसे, आणि रात्री उठावं लागतं का? कंपनीचं नाव देत नाही. गादीची रचना सांगते, ती जास्त उपयोगी पडेल.

आमची गादी 20 सेंटीमीटर जाड, म्हणजे साधारण आठ इंची. त्यात मेमरी फोम फक्त वरचे 5 सेंटीमीटर. खालचे 15 सेंटीमीटर साधा, घट्ट पीयू (पॉलियुरेथेन) फोम. यात फसवणूक काही नाही, या गाद्या अशाच असतात. सगळीच्या सगळी मेमरी फोमची केली तर माणूस आत रुतून बसेल. पण दुकानात ‘आठ इंची, दहा इंची’ असं जे मिरवतात, त्या आकड्यावरून काहीच कळत नाही. वरचा थर किती आणि तो कोणत्या डेन्सिटीचा, एवढं विचारा. ते सांगायला जो विक्रेता टाळाटाळ करेल त्याच्याकडून घेऊ नका.

डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन, किलोमध्ये. मेमरी फोममध्ये 50 च्या आतबाहेरचा फोम हलका-मध्यम आणि 80 किंवा त्यावरचा भारी समजतात. डेन्सिटी आणि कडकपणा यांची लोक हमखास गल्लत करतात. भारी डेन्सिटीचा फोम मऊही असू शकतो. डेन्सिटीवरून तो किती टिकेल आणि किती लवकर खचेल याचा अंदाज येतो. आता हा आकडा खरा की खोटा हे घरी कसं तपासायचं? गादी वजनकाट्यावर ठेवून. 2 मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि 5 सेंटीमीटर जाड थर म्हणजे 0.15 घनमीटर. डेन्सिटी 50 असेल तर तो थर साडेसात किलोचा आणि 80 असेल तर 12 किलोचा. खालचा 15 सेंटीमीटरचा फोम 32 डेन्सिटीचा धरला तर त्याचे साधारण साडेचौदा किलो. म्हणजे 50 वाली गादी खोळ सोडून 22 किलोच्या आसपास भरायला हवी, 80 वाली 26 च्या पुढे. गादी उचलायला हलकीफुलकी आणि कागदावर 80 असेल, तर तिथेच थांबा.

आता अंगाबद्दल. मी कुशीवर झोपते, अंगाने बारीक. कुशीवर झोपणाऱ्याचा खांदा आणि कमरेखालचं हाड आत जायला जागा हवी, नाहीतर सगळा भार त्या दोन बिंदूंवर येतो. आमच्या आधीच्या गादीवर माझा हात पहाटे बधिर व्हायचा, तो प्रकार आता पूर्ण थांबला आहे. तुम्ही कुशीवर झोपत असाल तर गादीवर नेहमीसारखे पडा आणि कुणाला तरी पाठीमागून फोटो काढायला सांगा. मानेपासून माकडहाडापर्यंतची रेघ साधारण सरळ दिसली पाहिजे. मधे झोळ पडत असेल तर गादी तुमच्या वजनाला मऊ आहे. खांदा वर राहून रेघ वाकडी दिसत असेल तर कडक आहे. उताणं झोपणाऱ्यांनी कमरेखालून तळहात सरकवून बघावा. हात सुळकन आरपार गेला तर गादी कडक, आत शिरतच नसेल तर कमरेखालचा भाग जास्त रुततो आहे. पालथं झोपायची सवय असेल तर मऊ मेमरी फोमच्या वाटेला जाऊ नका. पोट खाली जातं, कंबर उलटी वाकते.

नवरा उताणा झोपतो आणि माझ्यापेक्षा बराच वजनदार आहे. त्याच्या कमरेखालचा भाग वरचे 5 सेंटीमीटर दाबून थेट खालच्या घट्ट फोमवर टेकतो. त्यामुळे ज्या गादीला मी मऊ म्हणते तिलाच तो कडक म्हणतो. सुरुवातीला यावर आमचा वाद झाला. मग लक्षात आलं की आम्ही दोघं दोन वेगवेगळ्या थरांवर झोपतो आहोत. वजन जास्त असेल तर वरचा थर जाड आणि भारी डेन्सिटीचा हवा, हे त्याच्याकडे बघून सांगते. ‘मीडियम’, ‘फर्म’ ही लेबलं सरासरी माणसासाठी असतात, आणि आमच्या घरात सरासरी कोणीच नाही. त्याची एक गोष्ट मात्र गादीने सोसली: तो रात्रभर चुळबुळत राहतो आणि मला पत्ता लागत नाही. दोघांपैकी एकाची झोप चाळवणारी असेल तर केवळ एवढ्यासाठीही हा फोम घ्यावा, असं माझं मत.

पाठ दुखते म्हणून कडक गादी घ्यायला निघालेल्यांसाठी एक माहिती. ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात 2003 मध्ये एक अभ्यास छापून आला होता. कंबरदुखी जुनी, पण ठरावीक कारण सापडलेलं नाही, अशा 313 जणांना कडक किंवा मध्यम-कडक गादी देऊन 90 दिवस पाहिलं. मध्यम-कडक गादीवाल्यांना जास्त आराम पडला. तो अभ्यास कडकपणाचा होता, मेमरी फोमचा नव्हे. तेव्हा त्याचा आधार घेऊन कुणी मेमरी फोम विकत असेल तर हसून सोडून द्या. पण ‘पाठीला जितकं कडक तितकं चांगलं’ हा समज मात्र त्यात टिकला नाही.

सासूबाईंचं गाऱ्हाणं वेगळं. त्यांचे गुडघे दुखतात. गादीवर पडल्या की पाठीला छान वाटतं म्हणाल्या, पण कूस बदलताना प्रत्येक वेळी त्या साच्यातून स्वतःला उपसून काढावं लागतं. दाबलेला हात उचलला की ठसा तसाच राहतो, आणि हळूहळू कडेने भरत येतो, हे दुकानात बघायला गंमत वाटते. तोच ठसा रात्री तुमच्या अंगाभोवती असतो. शिवाय गादीच्या कडेला बसलं की कड दबते आणि उठताना रेटा मिळत नाही. दोन रात्रींतच त्या आपल्या कापसाच्या गादीवर परतल्या. घरात वयस्कर माणूस असेल, रात्री वारंवार उठावं लागत असेल, तर लॅटेक्सची (रबरी फोमची) किंवा स्प्रिंगची गादी आधी बघा. आणि तान्ह्या बाळाला यावर झोपवूच नका. बाळाचं तोंड मऊ पृष्ठभागात दबण्याचा धोका असतो, त्याला सपाट आणि घट्ट गादीच लागते.

ऋतूंचा फरक हा माझ्यासाठी सगळ्यात अनपेक्षित भाग. हा फोम उष्णतेने मऊ होतो आणि थंडीत आखडतो. थंडीच्या रात्री पहिली पाच-दहा मिनिटं गादी पाटासारखी लागते, मग अंगाच्या उबेने सैल होत जाते. उन्हाळ्यात उलट; टेकल्याबरोबर आत जाता आणि भोवतीची हवा अडते. 1966 मध्ये चार्ल्स योस्ट यांनी नासाच्या कामासाठी हा फोम बनवला तो विमानाच्या आसनांकरता, धक्का शोषून घ्यायला. गादी म्हणून तो बाजारात आला 1991 मध्ये, एका स्वीडिश कंपनीकडून. अंगाला घट्ट बिलगणं हाच त्याचा मूळ गुण आहे, तेव्हा उकाडा व्हायचाच. आमच्या गादीत ‘कूलिंग जेल’ आहे. पाठ टेकवताना गार वाटतं हे खरं, पण थोड्या वेळाने जेलही तापतं. त्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत असं मला वाटतं. खरा फरक पडला तो आम्ही प्लॅस्टिकचं अस्तर असलेलं जाड कव्हर काढून पातळ सुती घातलं तेव्हा. त्या कव्हरने हवा तर अडत होतीच, पण फोम अंगाच्या आकारात बसायलाही त्याचा अडथळा होत होता.

बाकी किरकोळ. गुंडाळलेली गादी उघडल्यावर नव्या रंगासारखा वास येतो, खिडक्या उघड्या ठेवल्या तर काही दिवसांत जातो. गादी धुवायची नाही, कडक उन्हातही टाकायची नाही. उन्हाने फोम पिवळा पडतो आणि चुरा होऊ लागतो. पलंगाला लाकडी पट्ट्या असतील तर त्यांत फार अंतर नको, 7-8 सेंटीमीटरपेक्षा जास्त फट असेल तर गादी मधे लोंबते. उशी मात्र बदलावी लागेल हे धरून चला. खांदा आत गेला की जुनी उशी उंच पडते आणि मान आखडते. दोष गादीवर जातो.

परत करायची मुदत भरपूर असलेलीच गादी घ्या. अंगाला सवय व्हायलाच दोन-तीन आठवडे लागतात, दुकानातल्या पाच मिनिटांत काही समजत नाही. वॉरंटीच्या कागदावर किती सेंटीमीटर खचल्यावर दावा करता येतो ते लिहिलेलं असतं, ते वाचा. हे माप गादीवर कोणी नसताना घेतात. म्हणजे झोपल्यावर खड्डा जाणवतो पण उठल्यावर फोम वर येतो, अशी तक्रार त्यात बसत नाही. एक सरळ काठी गादीवर आडवी ठेवायची आणि खालची फट पट्टीने मोजायची. आमच्याकडे नवऱ्याच्या बाजूला कमरेपाशी जेमतेम एक सेंटीमीटर भरते, माझ्या बाजूला काठी अजून पूर्ण टेकते. ही गादी उलटता येत नाही, मेमरी फोम एकाच अंगाला असतो. म्हणून आता दर काही महिन्यांनी उशाकडची बाजू पायथ्याला फिरवायचं ठरलं आहे, त्यात डाव्या-उजव्या बाजूंचीही आपोआप अदलाबदल होते.